रात्रपाळीच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र चारचौघांसमोर लिहितोय. ज्यांच्या घरी आज हेच सगळं चाललंय, त्यांच्याही नजरेला ते पडावं म्हणून.

बाबांना अल्झायमर होता, म्हणजे आठवण पोखरत नेणारा डिमेन्शिया. ते तुमच्या निवासात राहायला आले तेव्हा आधीच्या निवासातली फाइल सोबत होती. ‘रात्री भटकतात.’ ‘अंघोळीला विरोध.’ ‘आक्रमक.’ आणि खाली गोळ्यांची यादी. तुम्ही ती चाळलीत, मिटलीत आणि मला विचारलंत, “काय काम करायचे? कुठल्या पाळीला जायचे?”

खरं सांगू, वैताग आला होता. मी औषधांच्या वेळा पाठ करून आलो होतो आणि तुम्हाला त्यांची नोकरी हवी होती! बॉयलर अटेंडंट होते, म्हटलं, सव्वीस वर्षं, बहुतेक रात्रपाळीच. त्यावर तुम्ही म्हणालात, “मग ते भटकत नाहीत हो. कामावर निघतात.”

त्या रात्री अडीचला ते नेहमीसारखे दाराशी जाऊन कडी खडखडवायला लागले. तुम्ही त्यांना मागे ओढलं नाहीत. बूट घालून दिलेत, हातात टॉर्च दिली, एक रेघी वही आणि पेन दिलंत आणि बरोबर चालायला लागलात. व्हरांड्यातलं घड्याळ बघायचं, भिंतीवरचा तापमापक बघायचा, वहीत आकडा टिपायचा. दोन फेऱ्या झाल्यावर ते खुर्चीत बसून झोपले, असं तुम्ही मला सकाळी सांगितलंत. काल काय घडलं ही आठवण आणि हातांना पडलेलं वळण, दोन्ही मेंदूत एकाच जागी राहत नाहीत. अल्झायमरचा घाला आधी पहिल्यावर पडतो, दुसरं बराच काळ टिकून राहतं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते वहीत दाखवलंत.

मग डॉक्टरांशी बोलून मन शांत करणाऱ्या (अँटिसायकोटिक) गोळ्या हळूहळू कमी झाल्या. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2005 साली त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला होता. कधी कधी त्या द्याव्याच लागतात, हेही तुम्हीच मला समजावलंत. पण आधीच्या ठिकाणी त्या दिल्या गेल्या त्या बाबांसाठी की रात्रीच्या शांततेसाठी, हा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नव्हता. दिवसभर गुंगीत बसलेल्या बाबांना बघून मला वाटायचं, आजार वाढतोय.

अंघोळीचं तर विचारूच नका. दोघं धरायचे, एक पाणी ओतायचा आणि बाबा गुद्दे मारायचे. तुम्ही खोली आधी गरम केलीत, अंगावर मोठा टॉवेल ठेवूनच एकेक भाग धुतलात, सुरुवात पायांपासून केलीत आणि स्पंज त्यांच्याच हातात दिलात. अनोळखी माणसं कपडे काढतात, अचानक डोक्यावर पाणी पडतं, तर कोण गप्प बसेल? तुमच्या नोंदीत ‘आक्रमक’ हा शब्द कधी आला नाही. तुम्ही लिहायचात, ‘घाबरले.’ आणि सगळे त्यांना ‘आजोबा’ म्हणत असताना तुम्ही ‘अण्णा’ म्हणायला लागलात, कारण कारखान्यात त्यांना अण्णा म्हणत. त्या हाकेला ते वळून बघायचे.

आता माझी चूक. मी भेटायला आलो की पहिलं वाक्य ठरलेलं, “बाबा, ओळखलं का? सांगा बरं, मी कोण?” ते गोंधळायचे, ओशाळायचे, कधी चिडायचे. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, “दादा, परीक्षा नका घेऊ. आत शिरताना आपणच सांगायचं, मी तुमचा मुलगा, आज सुट्टी आहे म्हणून आलो.” इतकं सोपं होतं! मी तीन वर्षं त्यांना रोज नापास करत होतो.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात हेच मांडलं. आजारी मेंदूच्या आधी माणूस बघा, हे त्यांचं म्हणणं. घाई करणं, लहान मुलासारखं वागवणं, माणसासमोरच त्याच्याविषयी तिऱ्हाईतासारखं बोलणं, शिक्का मारणं, अशा वागण्यानेही माणूस खचत जातो. हे बहुतेक वेळा दुष्टपणाने होत नाही, चांगली माणसंच ते करतात, असंही त्यांनी बजावलं. ते वाचून मला थोडा दिलासा मिळाला आणि बरीच लाज वाटली. अशा काळजीसाठीचा ‘व्यक्तिकेंद्रित’ हा शब्द आता निवासांच्या प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. माझ्यापुरती त्याची खूण एकच. रात्री अडीचला मजल्यावर किती माणसं आहेत आणि तीच माणसं रोज असतात का? तुम्ही एकट्या सोळा जणांना बघत होतात, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या चांगुलपणावर कुणी माणसांची टंचाई झाकू नये.

आणि तो शेवटचा हिवाळा. दोन दिवसांत बाबा एकदम भ्रमिष्टासारखे झाले. मी मनात म्हटलं, आता संपलं. तुम्ही म्हणालात, डिमेन्शिया असा एका रात्रीत कोसळत नाही, लघवी तपासा. संसर्ग निघाला. औषध झालं आणि आणखी चार महिने ते आमच्यात राहिले.

त्यांच्या सामानात ती वही मिळाली. पहिल्या पानांवर वेळ आणि आकडे अगदी सरळ रकान्यांत आहेत. मधल्या पानांवर आकडे एकमेकांवर चढलेले. शेवटच्या पानांवर नुसत्या उभ्या रेघा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, रेघांच्याही, पाळी संपताना सुपरवायझर करतो तशी तुमची सही आहे.

तुमचाच,
अण्णांचा मुलगा