घसरलेल्या मार्कांमागे आजाराची चाहूलही असू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाच्या दिवसांत परीक्षेचा ताण, नैराश्य, समुपदेशन यांवर वर्तमानपत्रांतून बरेच येते. ते यायलाच हवे. पण सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार, जडण्याआधी काही मुले ज्या अवस्थेतून जातात तिच्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नेमक्या त्या वयाची मुले रोज समोर बसतात, म्हणून हे पत्र.

हा आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतो आणि सहसा अचानक येत नाही. आधी कित्येक महिने, कधी काही वर्षे, बारीक बदल होत असतात. कुणी हाक मारल्यासारखे वाटते, दोघे हसले की आपल्यालाच हसले असे वाटते. पण ‘हा आपल्या मनाचाच खेळ असेल’ एवढे भान शाबूत असते. पॅट्रिक मॅकगोरी आणि ॲलिसन युंग या मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ मध्ये मेलबर्नला अशाच तरुणांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. अशी सौम्य लक्षणे, आठवड्याच्या आत आपोआप थांबलेले भास-भ्रम, किंवा आईवडील-भावंडांत हा आजार आणि त्यासोबत रोजच्या वागण्यात अलीकडे झालेली घसरण, यांवरून तिथे जोखीम ओळखली जाऊ लागली.

घरच्यांना आणि आम्हा शिक्षकांना यातले भास दिसत नाहीत. दिसते ते वेगळेच. एकच परिच्छेद चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, फळ्यावरचे उतरवून घेताना मूल मागे पडते, सांगितलेला निरोप विसरते. मित्र तुटतात, आंघोळ टळते, झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे होते. शब्द लक्षात ठेवणे, लक्ष टिकवणे, विचारांचा वेग या बाबतींत अशी मुले सरासरीने समवयस्कांच्या मागे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. रोजचे जगणे कोलमडते तेही भासांपेक्षा या मंदावण्यामुळे आणि आटत चाललेल्या उमेदीमुळे अधिक. आपण मात्र ‘आळशी झालाय’, ‘मोबाइलने वाया गेला’ म्हणून मोकळे होतो. नाहीतर अंगारे-धुपारे सुरू होतात.

मार्क घसरलेल्या प्रत्येक मुलाला हा धोका आहे असे मुळीच नाही. जोखमीच्या निकषांत बसणाऱ्यांपैकीही दोन-तीन वर्षांत साधारण चार-पाचांतल्या एकालाच पूर्ण आजार होतो. म्हणूनच या टप्प्यावर लगेच सायकोसिसची औषधे सुरू करण्याऐवजी बोधात्मक वर्तनोपचार (बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारा उपचार), घरच्यांना मार्गदर्शन, नियमित झोप आणि गांजासारख्या नशेपासून दूर राहणे यांवर आधी भर देतात. पण आजार न झालेल्यांचेही सगळे सुरळीत होते असे नाही. त्यांतल्या अनेकांची चिंता, उदासी आणि अभ्यासातली ओढाताण चालूच राहते. ‘वेड लागले नाही ना, मग झाले’ असे म्हणून या मुलांना सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

अभ्यासात-परीक्षेत सवलती मिळतात त्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर. ज्याचे अजून निदानच झालेले नाही, त्याने ते कुठून आणायचे? तेव्हा कॉलेजच्या हातात आहे तेवढे तरी व्हावे. ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून पालकांना पत्र जाते, तेव्हा वर्गशिक्षकाने मुलाला एकट्याला बसवून झोप, जेवण, मित्र आणि वाचलेले लक्षात राहते का, एवढे शांतपणे विचारावे. गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाकडे पाठवावे, ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा, तिथे मराठीत बोलता येते. आणि उपचार चालू असेपर्यंत जर्नल पूर्ण करायला मुदतवाढ, चुकलेली चाचणी पुन्हा देण्याची मुभा, यासाठी प्राचार्यांनी कागदपत्रांचा आग्रह धरू नये.

आपली,
एक शिक्षिका, सातारा