टॉर्क पाना जरूर घ्या, पण कसलाही नको

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी दुचाकीची सर्व्हिसिंग कशी करावी यावर लेख होता. 'टॉर्क पाना ऑनलाइन मागवा, हजार-बाराशेत मिळतो' एवढ्या एका ओळीत लेखकाने तो विषय उरकला. टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत आवळले की 'टक्' करून सांगणारा पाना. माझ्या भाच्याने नेमके हेच केले होते, म्हणून लिहितो.

मी भोसरीत इंजिन असेंब्लीवर 31 वर्षे फिटर होतो. भाचा टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, सेट करून वरचे कव्हर बसवत होता. कव्हरचे बोल्ट 6 मिलिमीटरचे, मॅन्युअलमध्ये आवळण्याच्या जोराचा आकडा 10 न्यूटन मीटर. हातातला पाना अर्धा इंची, म्हणजे सॉकेट बसवायचा चौकोन अर्ध्या इंचाचा, रेंज 28 ते 210. गड्याने मूठ उलटी फिरवत अंदाजाने 10 वर आणली आणि 'टक्' कधी होते याची वाट बघत आवळत राहिला. टक् झालेच नाही. बोल्ट आधी जड गेला, मग एकाएकी हलका फिरू लागला. मी पोचलो तेव्हा बाहेर काढलेल्या बोल्टला ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. हेडमधले आटेच ते! शेवटी हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावे लागले.

यात भाच्याची चूक होतीच. क्लिकचा पाना रेंजच्या तळाशी भरवशाचा नसतो, आणि रेंजच्या खाली तर त्याला काही अर्थच नाही. सहाच्या बोल्टला पाव इंची, 5 ते 25 चा छोटा पाना वेगळाच लागतो. पाना नसता तर पोराने हातानेच बेताने आवळले असते. पाना होता म्हणून हाताचे ऐकले नाही.

पण पानाही धड नव्हता. त्याचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा धरला आणि चौकोनाच्या मध्यापासून 40 सेंटिमीटरवर, मुठीवर, 10 किलोचे वजन दोरीने टांगले. हे झाले 39 न्यूटन मीटर. पान्याच्या स्वतःच्या वजनाचे दोनेक धरा. म्हणजे मुठीचा आकडा वरून उतरवत आणला की 41 च्या आसपास तो टक् करून सुटायला हवा. हा 32 वर सुटला, दुसऱ्यांदा 35 वर, तिसऱ्यांदा परत 31. दर वेळी सारखाच चुकला असता तर हिशेब तरी जमवता आला असता. आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 10 न्यूटन मीटरच्या वरच्या क्लिक पान्याला 4 टक्क्यांचाच फरक चालतो. चांगल्या पान्यासोबत त्याच्या अंगावरच्या नंबराचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट येते. ते नसेल तर मी पाना हातातही धरत नाही. आमच्याकडे दर वर्षी, किंवा 5,000 वेळा टक् झाले की त्याआधीच, पाना तपासायला जायचा.

आणखी एक. भाचा याच पान्याला पाईप लावून चाकाचे गच्च बसलेले नट सोडवायचा आणि काम झाले की 110 वर लावलेला पाना तसाच डिकीत टाकायचा. सोडवायला साधा पाना असतो. टॉर्क पान्याची मूठ काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग मरते; त्याहून खाली मात्र न्यायची नाही.

पुरवणीत पुन्हा असा लेख छापाल तेव्हा पान्याच्या किमतीशेजारी त्याची रेंजही छापा, एवढीच विनंती.

— एक निवृत्त फिटर, चिंचवड