ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतील नौकाविहार न घडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, युरोप सहल विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी जे बोलणे झाले, त्यानंतर फोनवर काही निष्पन्न होईल ही आशा मी सोडली असून तक्रार लेखी देत आहे.

कार्यक्रमपत्रिकेत ॲमस्टरडॅमच्या दिवसाखाली ‘ऐतिहासिक कालव्यांतून नौकाविहार’ असे ठळक छापलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या सहल व्यवस्थापकांनी आम्हाला मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या मागे नेऊन, सायकली घेऊन कामावर निघालेल्या लोकांच्या गर्दीत एका फेरीबोटीवर चढवले आणि पलीकडच्या काठावरून तसेच परत आणले. ही फेरीबोट ‘आय’ जलाशय ओलांडते, जुन्या शहराच्या कालव्यांत ती शिरतच नाही. शिवाय ती सर्वांसाठी मोफत आहे. माझी सत्तरी ओलांडलेली आई जाता-येता कठड्याला धरून उभी होती.

हे सांगितल्यावर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, बोटीत बसवलं ना? पाणीही होतं ना?” बोटीत बसायलाही मिळाले नाही, उभे राहावे लागले, हे मी सांगितले. त्यावर, “कालव्याचं एवढं काय सर, आपल्या पुण्यातूनही कालवा जातोच की,” असे म्हणून त्या हसल्या, मागे कोणाला तरी “तेच ते कालव्यावाले” असे म्हणाल्या आणि मला ताटकळत ठेवून फोन बंद झाला. ज्या गोष्टीचे पैसे आपण घेतलेत, तिची आपल्याच कार्यालयात अशी थट्टा व्हावी, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे सतराव्या शतकात खोदलेले कालवे कशासाठी पाहायचे, हे सहल विकणाऱ्या कंपनीला मी सांगावे लागू नये. २०१० मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला. दलदलीत लाकडी खांब ठोकून त्यांवर उभारलेली ती अरुंद घरे आणि जिने चिंचोळे म्हणून सामान दोराने वर ओढण्यासाठी माथ्याशी ठेवलेले आकडे पाण्यावरून पाहावेत, यासाठीच आम्ही ही सहल निवडली. १९४२ पासून, रोजनिशीमुळे जगाला माहीत झालेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक नाझींपासून ज्या घरात लपून राहिली, ते प्रिन्सेनग्राख्तच्या काठावर आहे. आईला ते पाहायचे होते. आम्हाला मात्र मोफत फेरीबोट दाखवली गेली.

आमच्या घरातल्या दोन पिढ्या आपल्याबरोबर फिरल्या आहेत. तो विश्वास आता उरलेला नाही. नौकाविहाराची पूर्ण रक्कम आणि आईच्या नावे लेखी माफी पंधरा दिवसांत न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(सही)

सोबत: कार्यक्रमपत्रिका व पावतीची प्रत