बालवाडीला मणी द्या, पण माळा मागू नका

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीच्या वर्गांना मणी आणि दोरे मिळावेत ही मागणी जुनीच आहे. माझी त्यापुढची आहे: मणी दिल्यावर वर्गाकडे तयार माळा मागू नका. तपासणीच्या दिवशी भिंतीवर एकसारख्या माळा ओळीने टांगलेल्या असतात, साहेब खूश होतात. त्यातल्या कितीतरी बाईंनीच ओवलेल्या असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते.

चार वर्षांचे मूल वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. त्याच्याकडे सात मणी मागा, ओंजळभर आणून देईल. तोंडातला आकडा आणि हातातला मणी यांची जोडी जमायला वेळ लागतो. ओवताना ती जमते, कारण दोऱ्यात एका वेळी एकच मणी शिरतो. मोजलेले दोऱ्यात, उरलेले वाटीत. दहा मण्यांत पाच लाल, पाच निळे ओवले, तर काही दिवसांनी 'पाच आणि दोन, सात' हे न मोजताच दिसू लागते.

आकृतिबंधात तर खरी गंमत आहे. लाल, लाल, पिवळा असे ओवता ओवता एखादीचा मध्येच एक लाल सुटतो. इथे मोठ्यांचे हात शिवशिवतात. बाईंनी मणी बदलून दिला, की माळ सुबक होते आणि गणित तिथेच संपते. त्यापेक्षा तिला माळ मोठ्याने वाचायला सांगावी. 'लाल, लाल, पिवळा, लाल, पिव...' जीभ अडखळते, ती आपणहून थांबते. आता किती मणी मागे काढायचे, हा पुढचा हिशेब तिचाच.

म्हणून तपासणीला येणाऱ्यांनी भिंत पाहण्याऐवजी एखाद्या मुलाशेजारी बसावे आणि विचारावे, 'पुढे कोणता मणी? कशावरून?'

खरेदीबद्दलही थोडे. चकचकीत बारीक मणी नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांना लहान मणी देऊच नयेत, घशात अडकतात. मोठ्या मुलांनाही ठसठशीत, रुंद भोकाचे द्यावेत, आणि सुईदोऱ्याऐवजी बुटाची नाडी: टोक कडक असते, दुसरीकडे गाठ मारली की झाले.

ओवून झाले की मणी परत डब्यात जातात, त्यामुळे एक संच वर्षानुवर्षे पुरतो. भिंतीसाठी मात्र दरवेळी नवे घ्यावे लागतात.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका