गच्चीवर पाणी ठेवा, तळ्याचे काठही राखा

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याचे आवाहन येते. यायलाच हवे. माझ्या गच्चीवरही मातीची दोन पसरट भांडी असतात. पण बेसा भागातल्या आमच्या ले-आऊटमध्ये यंदा जे पाहिले, त्यानंतर लिहिल्यावाचून राहवेना.

रिकाम्या प्लॉटवर गिट्टीत टिटवीने चार अंडी घातली होती. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी ती अंड्यांवर बसायची नाही. चोच वासून, अंगाची सावली धरून उभी राहायची. पाखरांना घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निववावे लागते. मधेच नाल्यातल्या डबक्यावर जायची, पोटाची पिसे भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंडी गार करायची. तोवर जोडीदार पहाऱ्याला. डबके आटले आणि तिसऱ्या दिवशी दोघेही दिसेनात. अंडी तशीच पडून होती.

नागपूरला ऊन नवे नाही. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण हवामान बदलामुळे उष्णतेच्या लाटा वाढत आहेत, अवकाळीचा भरवसा राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही. झाडावरच्या पाखरांना तर आडोसाही नसतो. अशा वेळी त्यांच्या सावरण्याच्या जागाही आपणच काढून घेतो, याचे मला अधिक वाईट वाटते. तिबेट-लडाखकडचे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या तलावांवर उतरतात. त्यांना उथळ पाणी आणि काठचे कोवळे गवत लागते. सुशोभीकरण म्हणून काठाला सिमेंटची भिंत घातली, वर दिवे लावले, की त्यांनी उतरायचे कुठे?

तलावाचे सुशोभीकरण करायचेच असेल तर निदान एक बाजू कच्ची, गवताची राहू द्यावी. नाल्यांचे तळ सिमेंटने बुजवू नयेत. त्या डबक्यांवरच टिटवीसारखे पक्षी उन्हाळा काढतात. मोकळ्या प्लॉटवरचे वाळले गवत विणीच्या दिवसांत पेटवू नये, हे तर आम्हा रहिवाशांच्याच हातात आहे. प्लॉटवर अंडी दिसली तर चार विटा लावून गाड्यांची वाट वळवता येते. आम्ही ती वळवली होती.

पाण्याच्या आवाहनाशेजारी पुढच्या उन्हाळ्यात आपण हेही छापावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
बेसा, नागपूर