झाडूचा दांडा बाजूला ठेव

देवरुख,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या प्रोजेक्टरचा रिमोट हरवल्याचा तुझा निरोप ऐकला. टेबलावर स्टूल, स्टुलावर तू, आणि झाडूच्या दांड्याने छतावरच्या प्रोजेक्टरचं बटण चाचपतोयस, हे डोळ्यांपुढे आणून आधी हसलो आणि मग काळजीच वाटली. पन्नाशी उलटली रे आपली. पडलास तर वहिनी मलाच धरतील. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढतो. आमच्या वाचनालयाचा प्रोजेक्टर गणेशोत्सवात एका मंडळाने नेला होता. प्रोजेक्टर परत आला, रिमोट काही आला नाही. त्यामुळे या उद्योगातून मी गेलोय.

मॉडेल नंबर टाकून तयार डुप्लिकेट मिळत असेल तर तो घे आणि हे पत्र इथेच मिटव. पण तू म्हणालास की तुमचं मॉडेल जुनं आहे, कुठेच मिळत नाही. तर पुढे वाच.

दुकानात 'सर्व कंपन्यांना चालतो' असं छापलेला रिमोट लटकलेला असतो, तो उचलू नकोस. त्यात कोड भरलेले असतात ते टीव्हीचे आणि सेट टॉप बॉक्सचे. प्रोजेक्टरचे असलेच तर नावाला. त्याच कंपनीच्या टीव्हीचा कोड टाकून चालेल, असंही सहसा होत नाही. रिमोटच्या टोकाला असतो तो इन्फ्रारेड दिवा. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ऊन आणि ट्यूबलाइटच्या गोंधळातून प्रोजेक्टरला तो वेगळा काढता येतो. या लुकलुकीचे तुकडे पाडून निरोप जातो. एनईसी नावाची पद्धत बरीच चालते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि नंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ३२ आकडे: यंत्राचा पत्ता, तोच पत्ता उलटा करून (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), बटणाचा आकडा, आणि तोही उलटा करून. उलटा कशाला, तर मधे काही गडबड झाली नाही ना हे ताडून बघायला. पत्ता दुसऱ्याचा असेल तर प्रोजेक्टर ढिम्म हलत नाही.

दुकानातल्या त्या 'सर्व कंपन्यां'च्या रिमोटांवर आपोआप कोड शोधायची सोय असते: बटण दाबत राहायचं, टीव्ही बंद झाला की थांबायचं. प्रोजेक्टरपुढे ही युक्ती फसते. तो एका दाबात बंदच होत नाही. 'बंद करायचं असेल तर पुन्हा दाबा' अशी पाटी पडद्यावर येते, आणि तेवढ्यात तू पुढच्या कोडवर गेलेला असतोस. बंद झालाच, तर दिवा थंड होईपर्यंत काही ऐकत नाही. म्हणून शोधायचंच असेल तर प्रोजेक्टर चालू ठेवून पाटी येते का ते बघ, किंवा मेनूच्या बटणावर शोध घे.

पण माझं ऐकशील तर या शोधाशोधीत पडूच नकोस. 'लर्निंग' लिहिलेला रिमोट घे. त्याला कोड माहीत असावे लागत नाहीत, तो दुसऱ्या रिमोटकडून शिकतो. ही कल्पना काही आजची नाही. अ‍ॅपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असा रिमोट काढला होता. आता तू म्हणशील, मूळ रिमोटच हरवलाय तर शिकवणार कोण? अरे, शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून तुमच्या केंद्रातल्या शाळांनी एकदमच, एकाच मॉडेलचे प्रोजेक्टर घेतले, हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे शेजारच्या वाडीवर तोच रिमोट पडलेला आहे! पुढच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, तिथल्या गुरुजींना तो घेऊन यायला सांग. चहा होईतो काम होतं. आमच्या गावात तसलं दुसरं मॉडेल नव्हतं, म्हणून मला पार रत्नागिरीला जावं लागलं.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेव, मधे दोन-तीन बोटांचं अंतर. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घाल. खिडकीतल्या उन्हात करू नकोस. बटण टचकन दाबून सोड, धरून ठेवू नकोस. एनईसीत धरून ठेवलं की पूर्ण निरोप पुन्हा जात नाही, नुसती 'तेच, तेच' अशी छोटी खूण जात राहते आणि शिकणारा कधीकधी तीच पकडून बसतो. मूळ रिमोट चालतोय का अशी शंका आली तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून दाब, टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना बहुधा दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, तिथे इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

पॉवर, सोर्स, मेनू, चार बाण, एंटर, मागे जायचं बटण आणि तिरकं चित्र सरळ करणारं कीस्टोन एवढं शिकव. कीस्टोन विसरू नकोस, पोरं धक्का देणारच आणि चित्र तिरकं होणारच. शिकवून झालं की सेल काढून थोड्या वेळाने परत घाल. काही स्वस्त रिमोट तेवढ्यात सगळं विसरतात. तसा निघाला तर त्याच दिवशी दुकानदाराच्या हातात दे.

रेडमीच्या पुष्कळ फोनांत हा इन्फ्रारेड दिवा असतो आणि अ‍ॅपमध्ये प्रोजेक्टरचा वेगळा विभागही असतो. चालला तर अडीनडीला उत्तम. पण फोन तुझ्या खिशात राहणार, आणि तू रजेवर गेलास की वर्ग अंधारात. शाळेची वस्तू शाळेतच राहिलेली बरी. तुझी सातवीतली पोरं हुशार आहेत म्हणतोस, तर त्यांना आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि रिमोटचा इन्फ्रारेड निरोप ऐकणारा टीएसओपी १७३८ हा सेन्सर आणून दे. पडद्यावर कोडचे आकडे उमटताना बघतील. विज्ञान प्रदर्शनाचा विषयही सुटेल.

महागड्या प्रोग्रामेबल रिमोटांत एका बटणात अनेक आज्ञा भरता येतात, एका दाबात दोनदा पॉवर वगैरे. मला ते पटत नाही. तो दुसरा दाब चुकून बंद होऊ नये म्हणूनच ठेवलेला आहे, आणि तुझ्या वर्गात चुकून काय काय होतं ते मी पाहिलंय.

आणि भिंतीवरचं बटण बंद करून प्रोजेक्टर झोपवायचं आजपासून थांबव. तुमचा दिव्याचा जुना प्रोजेक्टर आहे, बंद केल्यावरही आतला पंखा फिरत राहतो तो दिवा थंड करायला. मेनच बंद केला की तो तसाच तापलेला राहतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. लाईट गेली तर इलाज नाही, पण आपल्या हाताने कशाला?

छताच्या प्रोजेक्टरखाली उभं राहून वर नेम धरत बसू नकोस. पडद्याकडे तोंड करून दाब, पांढऱ्या पडद्यावरून परतलेला किरण सहसा पुरतो. रिमोटला सुतळी बांधून फळ्याच्या खिळ्याला अडकव, आणि न शिकवलेल्या बटणांवर चिकटपट्टी लाव.

परिषदेहून आलास की फोन कर. काही अडलं तर त्या शनिवारी मीच येतो, वहिनींच्या हातची आंबोळी बरेच दिवसांत खाल्ली नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या

ता. क. नवा रिमोट घेताना त्यात पेन्सिल सेल बसतात ना, ते बघ. बटणसेल संपला तर तुमच्या वाडीवर मिळायचा नाही.