चाईवरील नव्या गोळ्या : नफा-नुकसान रुग्णासमोर आधी मांडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चाईमुळे गेलेले केस परत आणणाऱ्या गोळ्यांची चर्चा गेली दोन-तीन वर्षे वाढत चालली आहे. एका बाजूला या गोळ्या म्हणजे चमत्कार असल्याचे सांगितले जाते, तर दुसऱ्या बाजूला केसांसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी हृदयविकार आणि कर्करोग कोण ओढवून घेईल, असा प्रश्न विचारून हा विषयच संपवला जातो. अनेक वर्षे औषधविक्रीच्या व्यवसायात असल्यामुळे या आजाराचे रुग्ण आणि त्यांचे पालक मी जवळून पाहिले आहेत. या दोन्ही टोकांच्या बोलण्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून हे पत्र.

प्रथम ‘क्षुल्लक’ या शब्दाविषयी. चाई हा सौंदर्याचा प्रश्न नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते आणि केस गोल चकत्यांनी गळतात. काही रुग्णांच्या डोक्यावरचे सगळे केस जातात आणि भुवया व पापण्याही उरत नाहीत. पापणी नसलेल्या डोळ्यात धूळ आणि घाम सरळ उतरतो. शाळेत टोपी घालून बसणारा मुलगा किंवा लग्नाच्या बोलणीतून वारंवार मागे सारली जाणारी मुलगी जे सोसते, ते रक्ताच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही. त्यामुळे तराजूच्या लाभाच्या पारड्यात काहीच नाही असे मानणे हा रुग्णावर अन्याय आहे.

आता लाभ नेमका किती, ते पाहू. बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत जून 2022 मध्ये प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली आणि रिटलेसिटिनिबला जून 2023 मध्ये 12 वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी. ही दोन्ही औषधे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या ‘जॅक इनहिबिटर’ गटातील आहेत. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून अधिक केस गेलेले सुमारे 1200 रुग्ण होते. रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 36 आठवड्यांनंतर शंभरात सुमारे 36 ते 39 जणांच्या डोक्याचा किमान 80 टक्के भाग केसांनी झाकला गेला. 2 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 19 ते 23 होते आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 3 ते 6. ज्या आजारात पूर्वी डॉक्टरांनाही हात टेकावे लागत, तिथे हे यश मोठे आहे. मात्र याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा, की पूर्ण मात्रा घेऊनही शंभरातील साठांहून अधिक रुग्ण त्या मुदतीत तिथवर पोहोचले नाहीत. डोक्यावर काही केस शिल्लक असताना आणि आजार फार जुना झालेला नसताना गुण येण्याची शक्यता अधिक असते. शिवाय गोळी थांबवल्यावर बहुतेकांचे केस पुन्हा गळतात, त्यामुळे हा सहा महिन्यांचा कोर्स नसून वर्षानुवर्षांची बांधिलकी आहे. ही एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली, तरी अनेक कुटुंबांचा निर्णय बदलेल, कारण दरमहाचा खर्च त्यांनाच उचलायचा असतो.

धोक्याच्या बाबतीतही अशीच स्पष्टता हवी. या गटातील औषधांच्या माहितीपत्रकावर गंभीर जंतुसंसर्ग, हृदयविकार, कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांविषयी चौकटीतला कडक इशारा असतो. त्यातला हृदयविकार, कर्करोग आणि गुठळ्यांचा भाग मुख्यतः याच गटातील टोफॅसिटिनिब या औषधाच्या एका दीर्घ अभ्यासातून आला. त्यातले रुग्ण संधिवाताचे होते, पन्नाशीच्या पुढचे होते आणि प्रत्येकाला हृदयविकाराचा किमान एक जोखीम घटक होता. सुमारे चार वर्षांत टोफॅसिटिनिब घेणाऱ्यांपैकी 3.4 टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघातासारखा गंभीर त्रास झाला, तर तुलनेसाठीचे दुसरे औषध घेणाऱ्यांत तो 2.5 टक्क्यांना झाला; कर्करोगाचे प्रमाण 4.2 आणि 2.9 टक्के होते. हे आकडे पंचविशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, अन्यथा निरोगी मुलीला जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे. तिचा धोका बराच कमी असण्याची शक्यता आहे. परंतु तिला ही गोळी वीस वर्षे घ्यावी लागली तर काय होईल, हे सांगण्याइतकी वर्षे अजून उलटलेली नाहीत. याउलट पंचावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या गृहस्थांच्या बाबतीत तो इशारा अक्षरशः खरा मानावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ही औषधे टाळायची असतात, आणि लग्न ठरल्याच्या घाईत गोळी सुरू करणाऱ्या मुलीला हे कुणी सांगितलेले असतेच असे नाही.

आपल्याकडे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती क्षयरोगाची. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि कितीतरी लोकांच्या शरीरात हा जंतू कोणताही त्रास न देता सुप्त असतो. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी गोळी त्याला जागे करू शकते. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी, कावीळ बी व सी आणि एचआयव्हीची तपासणी, रक्तपेशींची गणना, यकृत, मूत्रपिंड व कोलेस्टेरॉलच्या चाचण्या आवश्यक असतात. नागीण उठण्याचा धोकाही वाढतो, तेव्हा लसीकरणाचा विचार आधी व्हायला हवा. प्रत्यक्षात काय दिसते? टोफॅसिटिनिब आता आपल्याकडे स्वस्त मिळते आणि चाईसाठी मान्यता नसतानाही सर्रास लिहिले जाते. तज्ज्ञ डॉक्टरांनी विचारपूर्वक तसे लिहिण्याला माझी हरकत नाही. परंतु कित्येक महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवून ‘तीच गोळी द्या’ म्हणणारे ग्राहक दुकानात येतात, मधल्या काळात रक्त तपासले का असे विचारल्यावर बहुतेकांना त्या प्रश्नाचे आश्चर्य वाटते, आणि मी नकार दिला तर ती गोळी दुसऱ्या दुकानात मिळते.

‘मग जुनीच औषधे बरी’ हा निष्कर्षही घाईचा आहे. चाईच्या एक-दोन लहान चकत्या असतील, तर सुमारे निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात आपोआप येतात. तिथे थांबणे किंवा चकतीत स्टेरॉइडची इंजेक्शने घेणे पुरेसे असते. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र, आठवड्यातून दोनच दिवस घेतल्या तरी, महिनोनमहिने चालू राहिल्यास वजन, साखर, हाडे आणि मुलांची वाढ यांवर परिणाम करू शकतात. ती गोळी ओळखीची आहे एवढ्यावरून लोक तिला निर्धोक समजतात. चाईवर घरगुती उपाय म्हणून गुंजेचे बी उगाळून लावल्याने फोड आलेली डोकीही मी पाहिली आहेत.

केस गळण्याचे कारण चाईच आहे का, हे ठरवणे ही तर पहिली पायरी. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केसगळतीने हादरली, तेव्हा आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय घेतला गेला, पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या खनिजाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि रोख रेशनच्या गव्हाकडे वळला. तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी देऊन काय साधले असते? पुरुषी टक्कल पडण्यावरचे फिनास्टराइड हेही वेगळ्याच कारणावरचे औषध आहे, आणि लैंगिक तक्रारी व नैराश्य हे त्याचे धोके विक्रेत्यांनीही सांगायला हवेत.

माझी मागणी मर्यादित आहे. ही औषधे लिहून देताना त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णाला मराठीत छापलेले एक पान द्यावे. त्यावर गुण येण्याची शक्यता, आधीच्या तपासण्या, पुढच्या रक्ततपासणीची तारीख, किती महिन्यांत फरक न दिसल्यास औषध बंद करायचे, आणि बंद केल्यास काय होईल, एवढे असावे. औषध न घेता विग वापरणे किंवा आहे तसे राहणे हाही त्यावर मान्य पर्याय म्हणून लिहिलेला असावा. आम्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनीही तीन महिन्यांच्या आतील रक्ताचा अहवाल आणि ताजी चिठ्ठी पाहिल्याशिवाय या गोळ्या न देण्याचा नियम स्वतःहून स्वीकारावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत या औषधांच्या विक्रीच्या नोंदी आवर्जून पाहाव्यात.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, कोल्हापूर